विश्लेषण : तारली, कोळंबी आणि हवामान… समुद्राच्या न दिसणाऱ्या हिरवळीचा हिशेब मांडणारे डॉ. पणिक्कर कोण होते?

पवना मावळात उगम पावते, पिंपरी-चिंचवडमधून वाहते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. पुढे मुळा-मुठा, भीमा, उजनीचा जलाशय, कृष्णा असा प्रवास करत हे पाणी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला जाते. चाकणजवळची भामा आणि आळंदीची इंद्रायणी याही भीमेच्याच लेकी. पिंपरीहून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे, पण मधे सह्याद्री उभा आहे. त्यामुळे या औद्योगिक पट्ट्याचे सांडपाणी पूर्वेच्या समुद्राकडे जाते आणि पिंपरीच्या मासळी बाजारातला बांगडा मात्र बहुतेक वेळा पश्चिमेच्या समुद्रातून येतो.

एकाच देशाच्या दोन बाजूंना असलेले हे दोन समुद्र. दोन्ही उष्ण, दोन्हींवर मोसमी वारे. तरी एकात मासळीचे प्रचंड थवे आणि दुसऱ्यात त्या मानाने कमी, असे का? भारताच्या बाजूने पाहून या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी १९६६ मध्ये ज्यांनी केली, त्यात डॉ. एन. केशव पणिक्कर हे नाव पहिले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, म्हणजे एनआयओचे, ते पहिले संचालक. समुद्रविज्ञानाच्या वर्तुळात या नावाला मोठा मान आहे, पण सामान्य वाचकाला होमी भाभा किंवा विक्रम साराभाई जितके ठाऊक तितके पणिक्कर ठाऊक नाहीत. त्यांनी ज्या कामाचा पाया घातला, त्यावर आज हवामान बदलाचे काही कळीचे प्रश्न उभे आहेत.

वनस्पती प्लवक म्हणजे काय?

समुद्राच्या वरच्या, उजेड पोहोचणाऱ्या थरात तरंगणाऱ्या सूक्ष्म, बहुतांशी एकपेशीय सजीवांना वनस्पती प्लवक म्हणतात. त्यांना मुळे नाहीत, पाने नाहीत, प्रवाहाविरुद्ध जाण्याची ताकद नाही. हरितद्रव्य मात्र आहे. झाडाप्रमाणेच तेही सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वापरून अन्न तयार करतात. यातल्या डायटम या गटाभोवती काचेसारखे सिलिकाचे कवच असते. डब्यावर झाकण बसावे तसे त्याचे दोन भाग एकमेकांत बसतात.

पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मे समुद्रात होते. जगातल्या सगळ्या हिरव्या सजीवांचे वजन केले, तर त्यात या प्लवकांचा वाटा एक टक्काही भरत नाही. एवढ्याशा वजनात एवढे काम होते, कारण ते फार झपाट्याने जगतात आणि मरतात. झाड शंभर वर्षे उभे राहते, तर हा जीव काही दिवसांत विभागतो, खाल्ला जातो किंवा बुडतो.

आपला प्रत्येक दुसरा श्वास प्लवक देतात, असे समाजमाध्यमांवर नेहमी फिरते. ते अर्धवट खरे आहे. प्लवक प्राणवायू तयार करतात हे बरोबर. पण त्यातला जवळजवळ सगळा समुद्रातलेच सजीव श्वसनात आणि कुजण्यात संपवतात. हवेतला आजचा साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे. तेव्हा प्लवक कमी झाले म्हणून उद्या कोणी गुदमरणार नाही. खरी चिंता आहे ती मासळीची आणि कार्बनची.

सुरुवात कोळंबीपासून कशी झाली?

पणिक्कर यांचा जन्म १९१३ चा, केरळमधला. शिक्षण आणि सुरुवातीचे संशोधन मद्रासला झाले. समुद्राचे खारे आणि नदीचे गोडे पाणी जिथे मिसळते, त्या निमखाऱ्या पाण्यातले जीव हा त्यांचा पहिला विषय. मद्रासच्या अशा पाण्यातील प्राण्यांवर आर. गोपाल अय्यर यांच्यासह त्यांनी १९३७ मध्ये लिहिलेला निबंध पुढची अनेक वर्षे अभ्यासकांच्या हाताशी असे.

तिथून ते इंग्लंडला, केंब्रिज आणि प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांनी कोळंबीच्या अंगातल्या मिठाचा अभ्यास केला. समुद्रातल्या बहुतेक बिनकण्याच्या प्राण्यांचे रक्त समुद्राइतकेच खारट असते. काही कोळंब्यांचे मात्र त्याहून कमी खारट असते, आणि भोवतालचे पाणी कमी-जास्त खारट झाले तरी त्या आपल्या रक्ताचा तोल सांभाळतात. हा तोल राखण्यावर तापमानाचा परिणाम होतो, हे पणिक्कर यांनी दाखवले. उष्ण प्रदेशात इतके सागरी जीव खाडीत आणि नदीमुखात कसे शिरू शकतात, याचे एक उत्तर त्यातून मिळत होते. हे निबंध १९४० आणि १९४१ मधले, महायुद्ध चालू असतानाचे. सागरी जीवशास्त्राच्या साहित्यात त्यांचे संदर्भ पुढे अनेक दशके येत राहिले.

एखादा संशोधक आयुष्यभर याच विषयात राहिला असता. पण देश स्वतंत्र झाला होता, धान्य कमी होते आणि समुद्रातून किती अन्न मिळेल हा सरकारपुढचा रोकडा प्रश्न होता. १९५० मध्ये पणिक्कर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. ही संस्था तेव्हा रामेश्वरमजवळच्या मंडपमला होती.

तारली जाते कुठे?

कोकणातल्या माणसाला तारलीचे वेगळे सांगायला नको. एखाद्या वर्षी इतकी येते की टोपल्या पुरत नाहीत, तर एखाद्या वर्षी दिसतही नाही. केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर तर हा लाखो लोकांच्या पोटाचा प्रश्न. १९४० च्या दशकात तिथे तारलीची मासेमारी अशीच कोसळली होती. अति मासेमारी, लहान पिल्ले पकडणे, देवाचा कोप अशी कारणे सांगितली जात.

संस्थेच्या संशोधकांनी माशाच्या पोटात काय आहे ते पाहायला सुरुवात केली. तारली ही प्लवकांवर जगणारी मासळी. तिच्या कल्ल्यांना बारीक चाळणीसारखी रचना असते आणि त्यातून पाणी गाळून ती सूक्ष्म जीव खाते. १९५५ मध्ये आर. वेलप्पन नायर आणि आर. सुब्रह्मण्यन यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. फ्राजिलारिया ओशियानिका नावाचा एक डायटम पाण्यात मुबलक असला की तारलीही मुबलक असते, असे त्यात म्हटले होते.

आज हा संबंध इतका सरळ मानला जात नाही. पाऊस, पाण्याचे तापमान, प्रवाह, प्राणवायू, जाळ्यांची संख्या अशा अनेक गोष्टी तारलीच्या येण्या-जाण्यात आहेत. पण त्या छोट्या निबंधाने प्रश्नाची जागा बदलली. मासा का नाही हे विचारायचे तर आधी पाण्यातली हिरवळ मोजली पाहिजे, हे त्यातून ठसले. सुब्रह्मण्यन यांनी पुढे कालिकतच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे पाण्याचे नमुने घेऊन दाखवले की पश्चिम किनाऱ्यावर वनस्पती प्लवकांचा सर्वात मोठा बहर नैऋत्य मोसमी पावसाच्या काळात येतो. म्हणजे होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हाच समुद्रात पुढच्या हंगामाची पेरणी चालू असते.

चाळीस जहाजांची मोहीम काय होती?

१९५७ मध्ये पणिक्कर केंद्र सरकारचे मत्स्यविकास सल्लागार म्हणून दिल्लीला आले. त्याच सुमारास जगातल्या समुद्रशास्त्रज्ञांच्या लक्षात आले होते, की अटलांटिक आणि पॅसिफिकच्या तुलनेत हिंदी महासागराबद्दल कोणाला फारसे काही माहीत नाही. जगातल्या समुद्राचा सुमारे एक पंचमांश भाग, आणि त्याचे नकाशे रिकामे.

अगदीच काही झाले नव्हते असे नाही. १९३३-३४ मध्ये सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली 'मबाहिस' या इजिप्तच्या जहाजावरून जॉन मरे मोहीम अरबी समुद्रात फिरली होती. मधल्या खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेला पाण्याचा जाड थर आहे, हे तिनेच नोंदवले. पण ते एक जहाज आणि काही महिने.

१९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. डझनाहून अधिक देशांची सुमारे ४० जहाजे तीत होती. रशियाचे 'वित्याझ', ब्रिटनचे 'डिस्कव्हरी', जर्मनीचे 'मेटेऑर'. अमेरिकेचे 'अँटोन ब्रून' तर एकेकाळी राष्ट्राध्यक्षांची खासगी नौका होती. भारताकडे समुद्र संशोधनासाठी बांधलेले एकही मोठे जहाज नव्हते. नौदलाने दुसऱ्या महायुद्धातली आपली 'किस्टना' ही युद्धनौका दिली आणि तिच्यावर प्रयोगशाळा बसवण्यात आली. जोडीला 'वरुणा', 'कोंच' आणि 'बांगडा' या लहान नौका. शेवटचे नाव वाचून मालवण-वेंगुर्ल्याकडच्या वाचकांना गंमत वाटेल, पण या मंडळींनी काम मोठे केले.

भारताच्या या संपूर्ण कार्यक्रमाचे संचालक होते पणिक्कर. वैज्ञानिक काम जितके, त्याहून जमवाजमवीचे अधिक. नौदल, विद्यापीठे, मत्स्य विभाग, हवामान खाते, भूवैज्ञानिक, परदेशी पाहुणे, या सगळ्यांना एका वेळापत्रकात बसवायचे होते. मोजमापाची पद्धत एकच हवी होती, नाहीतर एका जहाजाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवता येणार नव्हता. प्राणी प्लवक गोळा करण्यासाठी सगळ्यांनी एकाच मापाचे जाळे वापरायचे ठरले. गोळा झालेले नमुने वेगळे करायला युनेस्कोच्या मदतीने कोचीनला हिंदी महासागर जैविक केंद्र उभे राहिले. तिथे तरुण मुले-मुली सूक्ष्मदर्शकाखाली डोळे ताणून दिवसच्या दिवस एकेक जीव वेचून बाटल्यांत भरत.

वनस्पती प्लवक त्या जाळ्यात सापडत नव्हते, ते त्याच्या छिद्रांतून निसटून जाण्याइतके लहान. त्यासाठी पाणी गाळून हरितद्रव्य मोजायचे, किंवा डॅनिश शास्त्रज्ञ स्टीमन नील्सन यांनी १९५० च्या दशकात रूढ केलेली किरणोत्सारी कार्बनची युक्ती वापरायची. समुद्राच्या पाण्याच्या बाटलीत थोडा किरणोत्सारी कार्बन सोडायचा, काही तास उजेडात ठेवायची आणि प्लवकांनी त्यातला किती शोषला ते मोजायचे. यावरून समुद्राच्या त्या तुकड्यात रोज किती अन्न तयार होते ते कळते. हिंदी महासागरात अशी मोजमापे इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच झाली.

गोव्यातली संस्था कशी उभी राहिली?

मोहीम संपली की जहाजे आपापल्या देशी जाणार आणि भारतात जमलेले मनुष्यबळ पांगणार, हे उघड होते. ते पांगू नये म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी एनआयओची स्थापना झाली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या सीएसआयआर परिवारातली, त्याच परिवारातली ही संस्था. सुरुवात दिल्लीत झाली. समुद्राची संस्था दिल्लीत, हा आपल्या कारभाराचा नमुना म्हणायचा, पण तो फार काळ टिकला नाही. मुख्यालय गोव्यात आले आणि पुढे दोनापावलाच्या टेकडीवर स्थिरावले. कोचीनचे केंद्रही याच संस्थेत आले. गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त होऊन तेव्हा जेमतेम काही वर्षे झाली होती.

दोन समुद्र इतके वेगळे का?

त्याच वर्षी पणिक्कर आणि आर. जयरामन यांनी भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांची तुलना करणारा निबंध लिहिला. त्यातला विचार आजच्या माहितीची भर घालून असा सांगता येईल.

प्लवकांना उजेड हवा, तो वर असतो. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट ही खते हवीत, ती खाली असतात, कारण मेलेले जीव बुडताना सोबत खत घेऊन जातात. वरचे पाणी तापून हलके झाले की ते झाकणासारखे बसते आणि खालचे खत वर येत नाही. म्हणून उष्ण समुद्र निळाशार, सुंदर आणि बऱ्याचदा उपाशी असतो. कोणीतरी हे झाकण उघडावे लागते.

अरबी समुद्रात ते काम वारा करतो. नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावरून इतक्या जोराने वाहतात की वरचे पाणी बाजूला ढकलले जाते आणि खालचे थंड, खतयुक्त पाणी वर येते. केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावरही कमी प्रमाणात हेच घडते. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडे, थंड वारे येतात. गुजरातच्या बाजूचे खारट पाणी थंड होऊन जड होते, बुडते आणि खालचे वर येते. म्हणजे वर्षात दोनदा मशागत.

बंगालच्या उपसागरात उलट परिस्थिती. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा या नद्या आणि खुद्द पाऊस त्यात प्रचंड गोडे पाणी ओततात. गोडे पाणी हलके. ते वर पसरते आणि झाकण आणखी घट्ट होते. वाऱ्याला ते सहज फोडता येत नाही. नद्या खत घेऊन येतात हे खरे, पण त्यातले पुष्कळसे किनाऱ्याजवळच संपते. पवना-इंद्रायणीचे पाणी शेवटी याच झाकणात भर घालते. (लोणावळा-मावळातल्या टाटांच्या धरणांचे पाणी तेवढे बोगद्यातून खोपोली-भिवपुरीला वीज तयार करून पश्चिमेला जाते. ते मूळचे पूर्वेला जाणारे, माणसाने वळवलेले पाणी.)

अरबी समुद्राच्या या समृद्धीची किंमतही आहे. वर इतके पिकले की ते मरून खाली जाते, कुजताना प्राणवायू खाते. सेवेल यांच्या मोहिमेला दिसलेला प्राणवायूहीन थर त्यातूनच तयार होतो. तिथले जिवाणू नायट्रेटवर जगतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा ताकदवान हरितगृह वायू निघतो. शिवाय वर येणारे खालचे पाणी कार्बन डायऑक्साइडने भरलेले असते. त्यामुळे प्लवकांनी भरलेला अरबी समुद्र वर्षभराचा हिशेब केला तर कार्बन डायऑक्साइड शोषण्यापेक्षा हवेत सोडतो अधिक. भरपूर प्लवक म्हणजे हवामानाला भरपूर फायदा, असे सरळ गणित इथे चालत नाही. हे सगळे तपशील पणिक्कर यांच्या नंतरच्या पिढ्यांनी, मुख्यतः त्यांच्याच संस्थेत, शोधले.

मग हवामानात प्लवकांचे काम नेमके कोणते?

माणूस जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र घेतो. चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांनी जाळलेल्या डिझेलचा धूर असो की भट्ट्यांचा, त्यातलाही. हा वायू मुख्यतः पाण्यात विरघळून जातो. प्लवकांचे काम त्याच्या पुढचे आणि फार जुने आहे. ते वरच्या पाण्यातला कार्बन शरीरात बांधतात. त्यांना खाणाऱ्यांची विष्ठा आणि मेलेले जीव खाली पडतात. यातला थोडाच भाग खोलवर पोहोचतो, पण पोहोचला की शेकडो वर्षे वर येत नाही. ही यंत्रणा नसती तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा बराच जास्त असता. समुद्र तापून झाकण घट्ट झाले तर ही यंत्रणा मंदावेल का, हा हवामानशास्त्रातला एक मोठा प्रश्न आहे.

प्लवक वाढत आहेत की घटत आहेत?

इथे पणिक्कर यांच्या पिढीने केलेल्या मोजमापांचे मोल कळते. १९९७ पासून अवकाशातून समुद्राचा रंग सलग पाहता येऊ लागला. हरितद्रव्य जास्त असेल तिथे पाणी हिरवट दिसते. भारताचा ओशनसॅट-१ उपग्रह १९९९ मध्ये याच कामासाठी गेला. २००५ मध्ये जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' मासिकात लिहिले, की पश्चिम अरबी समुद्रात उन्हाळी प्लवकांची मोठी वाढ झाली आहे. हिमालयाकडचा बर्फ कमी होतो, जमीन अधिक तापते, मोसमी वारा जोर धरतो आणि झाकण जास्त उघडते, अशी त्यांची कारणमीमांसा होती. आधार होता जेमतेम सात वर्षांच्या उपग्रह नोंदींचा.

२०१६ मध्ये पुण्यातल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी नेमके उलट सांगितले. जास्त वर्षांच्या उपग्रह नोंदी आणि हवामान प्रारूपे एकत्र पाहता पश्चिम हिंदी महासागरात गेल्या सहा दशकांत प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. समुद्र तापला, थर घट्ट झाले, खत वर येईना.

दोन नामांकित गट, एकच समुद्र, उत्तरे विरुद्ध. यात कोणी लबाडी केलेली नाही. समुद्र दशकानुदशके वर-खाली होत असतो आणि छोट्या खिडकीतून पाहिले की चढ तेवढा दिसतो किंवा उतार तेवढा. लांबची नोंद हवी असते. उपग्रह तर १९९७ च्या मागे जाऊ शकत नाही (१९७८ ते १९८६ या काळातला एक प्रयोग सोडला तर). प्रारूपे भूतकाळाचा अंदाज देतात, पण तो तपासायला प्रत्यक्ष पाण्यात बाटली बुडवून घेतलेला आकडा लागतो. हिंदी महासागरात असे जुने, एका पद्धतीने घेतलेले, मोठ्या क्षेत्रावरचे आकडे मुख्यतः त्या १९६० च्या मोहिमेचेच आहेत.

प्रश्न नुसत्या संख्येचाही नाही. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटमचा बहर येई. या शतकात तिथे नॉक्टिल्युका हा जीव मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. रात्री लाटांवर निळा उजेड चमकतो आणि पर्यटक चित्रफिती काढतात, तो याचाच. इथल्या नॉक्टिल्युकाच्या पोटात हिरवे शैवाल मुक्कामाला असते, शिवाय तो स्वतः डायटम गिळतो. त्याला खातात ते जेलीफिशसारखे प्राणी. तारली-बांगड्यांसाठी तो चांगला घास नाही. कमी प्राणवायूचे पाणी वर सरकल्याने त्याला संधी मिळाली, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे म्हणणे होते. हिरवा रंग उपग्रहाला दोन्हींचा दिसतो, पण कोळ्याच्या जाळ्यात पडणारा फरक मोठा असतो.

समुद्रात लोखंड टाकले तर?

काही समुद्रांत बाकी खत असते, पण लोह नसते, म्हणून प्लवक वाढत नाहीत. मग लोह टाकून प्लवक वाढवावेत आणि हवेतला कार्बन खाली पाठवावा, अशी कल्पना पुढे आली. २००९ मध्ये एनआयओ आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण महासागरात 'पोलारस्टर्न' जहाजावरून हा प्रयोग केला. नाव ठेवले 'लोहाफेक्स', हिंदीतल्या लोह्यावरून. सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात काही टन लोह सोडले. प्लवक वाढलेही. पण त्या पाण्यात सिलिकेट कमी असल्याने डायटम वाढले नाहीत. जे वाढले ते बारीक प्राण्यांनी खाऊन टाकले आणि खोलवर कार्बन फारच थोडा गेला. पर्यावरणवाद्यांचा आक्षेप, सरकारी परवानग्यांचा घोळ असा बराच गाजावाजा या प्रयोगाभोवती झाला. सोप्या वाटणाऱ्या या उपायाचा भाव मात्र त्यानंतर उतरला.

पिंपरी-चिंचवडला याचे काय?

पवनेवर दर उन्हाळ्यात पसरणारी जलपर्णी, आळंदीला इंद्रायणीवर दिसणारा फेस आणि उजनीचे हिरवे पाणी हे एकाच कथेचे वरचे भाग आहेत. सांडपाण्यातले आणि शेतातले नायट्रोजन-फॉस्फरस हे प्लवकांचे खत. नदीत ते जलपर्णी पोसते, जलाशयात शैवाल, आणि त्यातले जे समुद्रापर्यंत पोहोचते ते किनाऱ्याजवळ बहर आणते. खोल समुद्रात झाकण घट्ट झाल्याने उपासमार आणि किनाऱ्यावर अजीर्ण, अशी ही विचित्र अवस्था आहे. किनाऱ्याजवळ फार पिकले की तळाचा प्राणवायू संपतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस उथळ पाण्यात प्राणवायू जवळजवळ संपतो आणि नायट्रस ऑक्साइड वाढतो, हे एनआयओच्या वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये 'नेचर'मध्ये मांडले. जमिनीवरून येणाऱ्या नायट्रोजनचा त्यात हात असावा, असेही त्यांचे म्हणणे होते.

मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या बातम्यांत किती दशलक्ष लिटर पाणी शुद्ध केले हे येते. त्यातून किती नायट्रोजन आणि फॉस्फरस काढला हे फार कमी वेळा येते. समुद्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा दुसरा आहे.

मासळीच्या बाजूनेही संबंध आहेच. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आज उपग्रहाने टिपलेले हरितद्रव्य आणि पाण्याचे तापमान पाहून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, याचे संदेश मच्छीमारांना मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांत पाठवते. १९५५ च्या त्या तारली-डायटम निबंधाचा विचारच मोबाइलवर आला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पणिक्कर यांच्यानंतर काय झाले?

पणिक्कर १९७३ पर्यंत एनआयओचे संचालक होते. त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत संस्थेकडे स्वतःचे मोठे संशोधन जहाज नव्हते. 'गवेषणी' हे पहिले जहाज १९७६ मध्ये आले, तेव्हा संचालकपदी डॉ. एस. झेड. कासिम होते, ज्यांनी पुढे भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम नेली. त्यानंतरच्या वर्षी, १९७७ मध्ये, पणिक्कर यांचे निधन झाले.

डिसेंबर २०१५ मध्ये, जुन्या मोहिमेला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने, दुसरी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम गोव्यातूनच सुरू झाली. यावेळी भारताला युद्धनौका उसनी घ्यावी लागली नाही. पहिल्या मोहिमेत वेचलेल्या प्राणी प्लवकांचा संदर्भसंग्रह कोचीच्या केंद्रात आजही बाटल्यांत जपून ठेवलेला आहे.